वसईची काचेची लायब्ररी आणि अर्नाळ्याची सायली

जानेवारी संपत आला होता. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, उन्हाळ्याच्या सुट्टीत आपली लायब्ररी नवी करून घेऊ. पण आधी कुठेतरी चांगली झालेली बघून या. नाहीतर तो फर्निचरवाला त्याच्याकडे पडून राहिलेला माल आपल्या गळ्यात मारेल."

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात ग्रंथपाल आहे. इतकी वर्षं या नोकरीत गेली, पण पुस्तकांच्या खरेदीपलीकडे कशासाठी तरी 'बघून या' असं मला पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं. मी उभ्या उभ्याच वसईचं नाव घेतलं.

कारण फिलो. फिलोमिना आणि मी पुण्यात ग्रंथालयशास्त्र शिकत असताना होस्टेलच्या एका खोलीत राहायचो. ती मूळची वसईची, पापडीची, आणि आता तिथल्याच एका कॉलेजची ग्रंथपाल. (कॉलेजचं नाव मुद्दामच देत नाही. का, ते पुढे कळेल.) मागच्या वर्षी तिने लायब्ररी पार बदलून टाकली होती आणि मला फोटो पाठवले होते. काचेच्या भिंती, पोपटी खुर्च्या, कमरेएवढी ठेंगणी कपाटं, आणि सगळीकडे दुधासारखा उजेड. आमच्या लायब्ररीतल्या पिवळ्या पडलेल्या ट्यूबलाइटखाली बसून मी ते फोटो पुन्हा पुन्हा पाहिले होते.

येते म्हणून फोन केला तर फिलो खूश झाली. मग जरा थांबून म्हणाली, "नुसती लायब्ररी बघून पळू नकोस. रविवारी थांब. मला एकीच्या घरी जायचंय. एकटीचे पाय उचलत नाहीत."

कुणाच्या घरी ते तिने सांगितलं नाही, आणि मीही फोनवर खोदून विचारलं नाही.

आमच्या बाजूने वसईला जायचा सरळ मार्ग म्हणजे दादरला उतरून पुन्हा वर येणं. मी तो टाळला. नाशिक रोडहून कल्याण, तिथून दिवा, आणि दिव्याहून वसई रोडची गाडी धरली. तुम्हाला वेळ असेल तर हाच रस्ता घ्या, फक्त वेळापत्रक आधी बघून निघा. या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. मी बेफिकीरपणे गेले आणि दिव्याच्या फलाटावर बसून दुपारच्या डब्यातली मेथीची भाजी सकाळीच संपवली. गाडीत मात्र खिडकी मिळाली. भिवंडीची गोदामं मागे पडली की खाडी लागते, मग तिवरांची झुडपं, मिठागरं, कामणचे डोंगर. मिठाचे पांढरे ढीग उन्हात असे चमकत होते की समोरच्या बाई डोळ्यांवर पदर घेऊन झोपल्या होत्या. तेव्हा मला त्यांचं काही विशेष वाटलं नाही. आता लिहिताना त्या आठवतात.

वसई रोडला पश्चिमेकडे उतरलं की माणिकपूर. रिक्षावाल्यांची हाकाहाक, चष्म्याची दुकानं, क्लासच्या पाट्या. त्या सगळ्यात फिलो स्कूटर घेऊन उभी होती. हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाली, "वैशे, किती पिकलीस गं!"

"तू रंगवतेस म्हणून कळत नाही. मुळाशी बघ जरा आरशात."

वीस वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणींचं एवढं झालं की बाकी सगळं जागेवर येतं. (तुमची फिलो नसेल तर स्टेशनबाहेरून पापडीकडे शेअर रिक्षा मिळतात, बसही जाते. शेअर रिक्षाच बरी, तिच्यात गप्पा फुकट ऐकायला मिळतात.)

पापडीत शिरलं की पाच मिनिटांपूर्वीचं माणिकपूर खरं वाटत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या, मध्येच एखादी नवी सातमजली इमारत, मग पुन्हा केळी. फिलोच्या घरामागे तिचं बावखल आहे. बावखल म्हणजे वाडीला पाणी देण्यासाठी जुन्या लोकांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. शेजारचं बुजलं, हिचं अजून आहे. ओट्यावर तिची आई बसली होती. तिला घरात सगळे बाय म्हणतात, म्हणून मीही बाय म्हणाले. मायलेकी आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलतात, ती मला अर्धीमुर्धीच समजते. पण माझ्याशी बायने स्वच्छ शाळेतल्या मराठीत सुरुवात केली.

"तू हिची लायब्ररी बघायला आलीस ना? बघ, बघ. सिनेमाचं थिएटर केलंय. तिकीट लावायचं तेवढं राहिलंय."

"बाय!" फिलो म्हणाली.

"खोटं सांगते का? उद्घाटनाला मला नेलं होतं. एवढा उजेड की माझ्या साडीवरचा डाग मला तिथे दिसला. घरात कधी दिसला नव्हता."

शुक्रवार होता, त्या दिवशी ख्रिस्ती घरात मांस करत नाहीत, म्हणून जेवायला मटण-चिकन नव्हतं. पापलेटचं कालवण आणि हातावर थापलेली तांदळाची भाकरी. बाय वाढता वाढता फिलोकडे न बघता म्हणाली, "त्या पोरीकडे जाणार ना रविवारी? नुसतं जाऊ नको, काहीतरी गोड ने." फिलोने मान हलवली आणि कालवणात भाकरी बुडवत राहिली.

शनिवारी सकाळी आम्ही कॉलेजात गेलो. आधी चांगलं सांगते, कारण चांगलं पुष्कळ आहे आणि तुमच्यापैकी कुणी हे काम करायला निघालं असेल तर त्यांना उपयोग होईल. दारात पायऱ्या काढून उतार केला आहे, कुबड्या घेऊन येणारा एक मुलगा माझ्यासमोर कुणाचाही हात न धरता आत गेला. प्रत्येक टेबलाला चार्जिंगची सोय आहे. आधी सगळ्या लायब्ररीत एकच सॉकेट होतं आणि त्यावरून भांडणं व्हायची. पाणी आत आहे. मुलींचं स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आणलं आहे. फिलो म्हणाली की यासाठी ती सगळ्यात जास्त भांडली. गटाने अभ्यास करायला काचेच्या तीन खोल्या आहेत, आत कितीही बोला, बाहेर आवाज येत नाही. खिडकीपाशी बीन बॅगा. भिंतीवर मुलांनीच रंगवलेलं चित्र, त्यात बोट आणि केळीचं झाड.

एका काचेच्या खोलीत चौघंजण कसलं तरी प्रेझेंटेशन करत होते. दार अर्धवट उघडं होतं.

"अरे, स्लाइड बदल ना, किती वेळ एकच दाखवतोय."

"तू बोलतेय कुठे? तू बोलली की बदलतो."

"मी बोलतेच आहे, तू ऐकत नाहीस, जसा तू घरी मम्मीचं ऐकत नाहीस."

सगळे हसले. मी फिलोला कोपर मारलं. "आमच्याकडे एवढं हसले असते तर शिपायाने टेबलावर पट्टी आपटली असती." मी एकामागून एक फोटो काढत होते. कपाटांची उंची विचारली, काचेची जाडी विचारली. इतकी सुंदर लायब्ररी मी कुणा ओळखीच्या बाईने केलेली पाहिली नव्हती, आणि मला फिलोचा अभिमान वाटत होता. थोडा हेवाही.

"आता मला खरं सांग," मी म्हणाले. "यात तुला न आवडणारं काय आहे? ते मी टाळीन."

फिलो मला खिडकीपाशी घेऊन गेली. तिथे तीन बीन बॅगा होत्या, निळ्या, पोपटी, केशरी. एकीवर एक मुलगा मोबाइल बघत बसला होता.

"इथे बांधीव मासिकांची रॅक होती," ती हळू आवाजात म्हणाली. "छतापर्यंत. कोणी हात लावायचं नाही. तिच्यामागे भिंतीला लागून एक जुनं लांब टेबल होतं. वरचा दिवा गेला होता, तो मी बदलला नव्हता. तिथे मुलं झोपायची."

"झोपायची?"

"डोकं टेकवून. अर्धा तास, तास. उठून तोंड धुऊन यायची आणि पुढे अभ्यासाला बसायची. मी कधी उठवलं नाही, कधी बोललेही नाही. मला वाटायचं, चालू आहे ते चालू दे."

नूतनीकरण ठरलं तेव्हा फिलोने कामाला लागायच्या आधी नीट अभ्यास केला. आम्हाला शिकवलंय तसाच. दिवसभर ठरावीक वेळाने लायब्ररीत फेरी मारायची आणि कोण काय करतंय ते मोजायचं: वाचणारे किती, लिहिणारे किती, लॅपटॉपवाले किती, गटाने बसलेले किती. कुठल्या जागा भरलेल्या असतात, कुठल्या रिकाम्या. मुलांच्या बैठका घेतल्या, त्यांना काय हवं ते विचारलं. मुलांनी चार्जिंग मागितलं, बोलायला जागा मागितली, उजेड मागितला. तिने ते सगळं दिलं.

"आणि झोपलेले?"

"ते मी मोजलेच नाहीत, वैशू. ते लायब्ररी वापरत नाहीत असं धरलं. ते टेबल मी स्वतःच्या हाताने रिकामं लिहिलं, दर फेरीला." ती बीन बॅगेकडे बघत होती. "आणि बैठकांना जे जागे होते तेच आले."

माझ्या पर्समध्ये तशाच मोजणीचा माझा स्वतःचा आराखडा होता. त्यात वाचणारे होते, लिहिणारे होते. झोपलेल्यांचा रकानाच नव्हता. खरं सांगायचं तर असा रकाना असू शकतो हेच मला सुचलं नव्हतं.

मग फिलोने सायलीबद्दल सांगितलं. अर्नाळ्याची मुलगी, कोळ्याची, बी.कॉम.ला होती. आई मासे विकते. बोटी भरतीच्या हिशोबाने येतात, उजाडायची वाट बघत नाहीत. म्हणून सायली आईबरोबर अंधारातच किनाऱ्यावर जायची, मासळी निवडायची, टोपल्या भरून द्यायची, आणि मग आंघोळ करून कॉलेजला. पहिलं लेक्चर झालं की त्या टेबलावर झोप. मग संध्याकाळपर्यंत अभ्यास. घरी एक खोली, त्यात टीव्ही आणि दोन भाऊ. पहिल्या वर्षी अकाउंटन्सीत वर्गात पहिली आली होती.

"लायब्ररी नवी झाली आणि ती दिसेनाशी झाली. मला आधी कळलंच नाही. एवढी गर्दी असायची इथे, मी खूश होते." फिलोने दीर्घ श्वास घेतला. "दोन विषय राहिले म्हणे. मग पुढच्या वर्षाला प्रवेशच घेतला नाही. आता मी मागच्या बाजूला एक कोपरा केलाय. बघ."

पुस्तकं परत घेण्याच्या टेबलामागे तिने दोन कपाटं आडवी लावून, हट्टाने, एक छोटी आडोशाची जागा केली होती. आत एक टेबल. वरचा दिवा काढलेला. "प्रवेश जूनमध्ये सुरू होतील. तिला सांगायचंय की ये, जागा आहे. तू असलीस की बरं. मी एकटी गेले तर गैरहजेरीचं कारण विचारायला आल्यासारखं वाटेल त्यांना."

रविवारी सकाळी फिलो आणि बाय चर्चमध्ये मिस्साला गेल्या, मीही गेले. मराठी गाणी, पांढऱ्या साड्या, बाहेर पडल्यावर चाफ्याची फुलं विकणारी बाई. मिस्सा झाल्यावर फिलो थोडा वेळ गुडघ्यावर तशीच राहिली. बाय माझ्या कानाशी म्हणाली, "मागतेय काहीतरी. देव देईलही, पण उठून जायला हिलाच लागेल."

पापडीहून अर्नाळ्याला जाताना हायवेला लागू नका. गिरीज, भुईगाव, निर्मळ, आगाशी असा आतून जाणारा रस्ता घ्या. अरुंद आहे, पण दोन्ही बाजूंना वाड्या, भाजीचे मळे, प्रत्येक वळणावर क्रूस नाहीतर देऊळ. निर्मळच्या तळ्याकाठी आम्ही थांबून चहा घेतला. आगाशीला फिलोने सुकेळी घेतली. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवतात आणि मग पानात गुंडाळून बांधतात, ती सुकेळी. रंग गुळासारखा आणि चव त्याहून खोल. मुंबईकडून येणार असाल तर विरारला उतरा, तिथून अर्नाळ्याला बस आहे आणि शेअर रिक्षाही.

अर्नाळा आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना. फेब्रुवारी म्हणजे मासळी सुकवायचे दिवस. बांबूंच्या उंच मांडवावर बोंबील जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. खाली ताडपत्रीवर बारीक कोळंबीसारखा जवळा पसरलेला. समोर पाण्यापलीकडे किल्ल्याचं बेट दिसतं, लोक छोट्या बोटीने तिकडे जात होते, चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून चढत होते. आम्ही गेलो नाही. तुम्ही जा, आणि बदलायला कपडे न्या.

सायलीचं घर किनाऱ्यालगतच्या गल्लीत. दारात तिची आई बसून जवळ्यातला कचरा निवडत होती. फिलोला तिने ओळखलं नाही.

"कोन पायजे?"

"सायली आहे का? मी तिच्या कॉलेजची. लायब्ररीची."

"अगो बाय! मॅडम! सायले, ऊठ, मॅडम आल्यात तुज्या!" मग आमच्याकडे वळून, "झोपलीय. संध्याकालची पाली हाय ना तिची. या, आत या. पानी देते."

फिलो एकदम म्हणाली, "नको, नको, उठवू नका. झोपू दे. आम्ही थांबतो."

पण सायली उठली होती. बारीक, उंच, केस मागे घट्ट बांधलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. तिने आम्हाला पाहिलं आणि पहिल्यांदा ओढणी शोधली. "मॅडम! तुम्ही? बसा ना. अगं, खुर्ची दे ना त्यांना." खुर्ची एकच होती. ती मला, पाहुणी म्हणून. फिलो दाराच्या उंबऱ्यावर बसली. तेवढ्यात आईने ताडपत्रीवर आलेल्या कावळ्याला बसल्या जागेवरून अशी शिवी दिली की आम्ही तिघीही हसलो, आणि बोलणं सोपं झालं.

सायली विरारला मोबाइलच्या दुकानात लागली होती.

"कसं आहे काम?" फिलोने विचारलं.

"बरं आहे. पाळीभर उभंच राहायला लागतं मॅडम, त्यामुळे झोपेचा प्रश्नच नाही." ती हसली. "पाय तेवढे झोपतात."

फिलोने सुकेळीचा पुडा तिच्या हातात दिला. मग तिने सांगितलं, जे तिने बहुधा आदल्या रात्रीपासून जुळवून ठेवलं होतं: मी कोपरा परत केलाय, आडोसा आहे, दिवा काढलाय, जूनमध्ये प्रवेश घे, राहिलेले विषय मी शिक्षकांशी बोलून बघते. सायली ऐकत होती, पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत, सोडत.

"लायब्ररी छान झालीय मॅडम, खरंच," ती म्हणाली. "मला आवडली. ते चित्र तर माझ्या मैत्रिणीने काढलंय, बोट मी सांगितली तशी काढलीय तिने. फक्त..."

"फक्त काय? सांग ना."

"तिथे झोपलं की सगळ्यांना दिसतं."

फिलो उंबऱ्यावरून थोडी पुढे सरकली.

"मी एकदाच झोपले त्या केशरी गादीवर. गादीच ना ती? उठताच येईना त्यातून, इतकी मऊ. गाढ झोप लागली. कोणीतरी काचेबाहेरून फोटो काढला. तोंड उघडं होतं माझं." सायलीने तोंड उघडून दाखवलं, मान एका बाजूला टाकून, आणि पुन्हा हसली. "वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बोंबील सुकत घातलाय.'"

हसत होती ती एकटीच. तिच्या आईने जवळ्यातून मान वर केली नाही, पण निवडणारी बोटं थांबली होती. त्या मांडवावरचे बोंबील मला दारातून दिसत होते, जबडे उघडे, वाऱ्यावर हलणारे. ज्याने ते लिहिलं त्याला ते दृश्य चांगलं माहीत होतं. इथलाच कुणीतरी असणार.

"मला का नाही सांगितलंस?" फिलोने विचारलं.

"काय सांगणार मॅडम? की मी लायब्ररीत झोपते?"

फिलोने पुन्हा विचारलं, "जूनमध्ये येशील?"

सायलीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मी काय बोलनार? जाम हुशार हाय माजी पोर. पन आता तिचा पगार घरात धरलाय, मॅडम. धाकट्याची फी त्याच्यातून जाते. तवा आला असतात तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. रागावून म्हणाली नव्हती ती. भरती-ओहोटीबद्दल बोलावं तसं बोलली.

"बाहेरून परीक्षा देईन म्हणतेय कधीतरी," सायली घाईने म्हणाली. फिलोला बरं वाटावं म्हणून म्हणाली, हे आम्हा चौघींनाही कळत होतं. निघताना आईने सुक्या बोंबलांची पिशवी दिली, माझ्यासाठी वेगळी. नाही म्हणून बघितलं, ऐकलं नाही. सायली गल्लीच्या टोकापर्यंत आली. फिलोने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जा, झोप जा थोडी. पाळीला वेळ आहे."

परतताना फिलो एरवीपेक्षा हळू चालवत होती. निर्मळपाशी तिने स्कूटर बाजूला घेतली आणि हेल्मेट न काढताच म्हणाली, "मी तिला त्या केशरी बॅगेवर बघितलं होतं, वैशू. त्याच दिवशी असेल. लांबून बघितलं. मला इतकं बरं वाटलं होतं. म्हटलं, बघा, वापरतायत मुलं."

मी मागे बसून तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

घरी बायने आमचे चेहरे बघितले. मूठभर बोंबील घेऊन चुलीवर भाजले, वर कांदा चिरून घातला, पाव गरम केले. जेवताना एवढंच म्हणाली, "पोरगी तुमच्याशी चांगली वागली ना? ते जास्त लागतं."

सोमवारी पहाटेच निघाले. येताना मात्र गाडीची वेळ बघून. सुक्या बोंबलांवर तीन पिशव्या चढवल्या होत्या, तरी कल्याणपासून शेजारच्या काकू नाक मुरडत होत्या आणि शेवटी म्हणाल्या, "ताई, तुमच्या बॅगेत समुद्र आहे का?"

आल्यावर पहिल्या दिवशी मी आमच्या लायब्ररीत मागच्या रांगेत गेले. जुन्या विश्वकोशांच्या कपाटामागे. गेली कित्येक वर्षं तिकडे मी फक्त वाळवी बघायला जात होते. तिथे दोन मुली झोपलेल्या होत्या, दप्तरावर डोकं ठेवून. वाड्या-वस्त्यांवरून पहिल्या एसटीने येणाऱ्या. निघण्याआधी गोठ्याचं आवरून येणाऱ्या, हे मी नंतर विचारून घेतलं. आमच्या नव्या नकाशात नेमक्या त्या जागी काचेची खोली होती.

प्राचार्यांना द्यायच्या टिपणात मी आधी 'शांत कोपरा' असं लिहिलं. मग खोडलं. फिलोने मला स्टेशनवर सोडताना सांगितलं होतं की सायली दिसेनाशी झाल्यावर तिनेही कंत्राटदाराला आधी शांत कोपराच मागितला होता, आणि त्याने आनंदाने एक जास्तीची काचेची खोली करून दिली. "झोप हा शब्द लिहायला मी लाजले. ग्रंथपालाने कसं लिहायचं?" म्हणून मी लिहिलं: मागच्या रांगेची उंच कपाटं हलवू नयेत. तिथे विद्यार्थी झोपतात. त्यांना झोपण्यासाठी आडोसा हवा.

बैठकीत एका सरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. "मॅडम, लायब्ररी काढायची आहे की एसटी स्टँड?" सगळे हसले. प्राचार्यही हसले, मग म्हणाले, "बघू." आमच्याकडे 'बघू'चा अर्थ काय होतो ते मला माहीत आहे. पण शब्द कागदावर आहे, आणि पुढच्या बैठकीत तो मी स्वतःच वाचणार आहे.

वसईला जायचं असेल तर हिवाळ्यात जा. किल्ला बघा, आगाशीची सुकेळी आणा, अर्नाळ्याला ओहोटी असेल तेव्हा किनाऱ्यावर लांबवर चाला. मी पुन्हा जाईन तेव्हा बेटावरही जाईन. पण मला या प्रवासातून आठवतो तो एकच उंबरा, आणि एवढ्या शिकलेल्या दोघी बायका तिथे उशिरा पोचल्या ते. बोंबील संपले. बॅग दोनदा धुतली, वास अजून आहे.

काल दुपारी फिलोचा फोन आला. कुजबुजत होती.

"वैशू, कोपऱ्यात आज कोणीतरी झोपलंय."

माझ्या मनात जे आलं ते मी विचारलंच. "सायली?"

"नाही गं. ती कशी असेल. मुलगा आहे कोणीतरी."

"नाव काय?"

"माहीत नाही. विचारायचं तर उठवावं लागेल."